फॉर्म मराठीत, मेसेज इंग्रजीत: सरकारी ऑनलाइन सेवांमध्ये भाषा नेमकी कुठे अडते?

मागच्या दिवाळीत मी पुण्याहून रिसोडला घरी आलो होतो. दुसऱ्या तालुक्यातून मावशीही आली होती. जेवणं झाल्यावर तिनं फोन माझ्यापुढे धरला. "बाबू, पाय बरं, आमच्या अर्जाचं काय झालं ते."

काका वारल्यानंतर घराच्या नोंदीवर तिचं नाव लावायचं होतं. तिनं सेवा केंद्रातून ऑनलाइन अर्ज केला होता, फी भरली होती, पावतीही जपून ठेवली होती. मी मेसेज उघडले. रिचार्ज, लोन, सेल, पुन्हा लोन... आणि त्या ढिगात एक इंग्रजी मेसेज. त्याचा अर्थ असा, की अर्जात त्रुटी आहे, मृत्यूच्या दाखल्याची स्पष्ट प्रत सात दिवसांत अपलोड करा, नाहीतर अर्ज बंद होईल. मेसेज येऊन महिना झाला होता. अर्ज बंद झाला होता.

"मले वाटलं बँकेचं असन," मावशी म्हणाली.

मावशी निरक्षर नाही. ती रोज पेपर वाचते. ज्या पोर्टलवर अर्ज झाला तेही मराठीत होतं. सगळ्या प्रवासात तिला स्वतः काही करायला सांगणारा एकच मेसेज आला, आणि नेमका तोच इंग्रजीत होता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे असं का होतं हे मला माहीत आहे. खरं सांगायचं तर, मीसुद्धा एका प्रोजेक्टमध्ये मेसेज इंग्रजीत लिहून "मराठी नंतर टाकू" असं म्हटलं होतं. ते 'नंतर' कधी आलंच नाही. म्हणून आज हे सगळं आतून कसं चालतं ते समजून घेऊ, आणि आपण काय करू शकतो तेही पाहू.

आधी कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्राची राजभाषा मराठी आहे, हे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ पासून ठरलेलं आहे. पण नगर परिषदा, महानगरपालिका, जिल्हा परिषदा या स्थानिक संस्थांसाठी वेगळा स्पष्ट कायदा यायला २०२२ उजाडलं. त्याचं नाव महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण (राजभाषा) अधिनियम, २०२२. स्थानिक संस्थांचं कामकाज आणि लोकांशी होणारा व्यवहार मराठीत व्हावा, हा त्याचा गाभा.

याच कायद्यावरून आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातलं एक प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. पातूर नगर परिषदेच्या इमारतीवरच्या पाटीवर मराठीच्या खाली उर्दूतही नाव होतं. ते काढावं अशी मागणी होती. १५ एप्रिल २०२५ ला कोर्टानं ती मागणी फेटाळली. मराठी हवीच, पण तिच्या सोबतीला आणखी एखादी भाषा वापरायला हा कायदा मनाई करत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. भाषा लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी असते, हा मुद्दा कोर्टानं ठळकपणे मांडला.

आपल्यासाठी हे महत्त्वाचं आहे. वाशिम जिल्ह्यात वऱ्हाडी बोलणारे आहेत, उर्दू बोलणारे आहेत, आणि घरात गोरमाटी बोलणारी बंजारा कुटुंबंही आहेत. बंजारा समाजाचं पोहरादेवी याच जिल्ह्यात आहे. यातल्या अनेकांना मराठी समजते, पण इंग्रजी मेसेज आला की सगळेच एका रांगेत येतात.

थोडक्यात, कायदा मराठीच्या बाजूने आहे. मग गाडी अडते कुठे?

एक सेवा म्हणजे एक साखळी

आपल्याला वाटतं, पोर्टलवर 'मराठी' असं बटण आहे म्हणजे सेवा मराठीत आहे. पण एका अर्जाचा प्रवास बघा: स्क्रीनवरचे शब्द, फॉर्मचे रकाने, पेमेंटचं पान, फोनवर येणारे मेसेज, आणि शेवटी हातात पडणारा दाखला. या प्रत्येक कडीचं सॉफ्टवेअर वेगळं असू शकतं. 'मराठी' बटण दाबल्यावर बहुतेक वेळा फक्त पहिली कडी बदलते. आता एकेक कडी पाहू.

कडी १: स्क्रीनवरचे शब्द

ॲप बनवताना आम्ही शब्द थेट कोडमध्ये लिहीत नाही (म्हणजे लिहू नयेत!). एक वेगळी फाइल असते. इंग्रजीसाठी एक, मराठीसाठी एक. तुम्ही भाषा बदलली की ॲप दुसरी फाइल उघडतं. सोपं आहे. अडचण असते ती मराठी फाइल कोण भरतं, यात.

घाई असेल तर ती मशीनकडून भरून घेतली जाते. मालमत्तेच्या कामात 'म्युटेशन' असा इंग्रजी शब्द येतो. आपल्याकडे त्याला 'फेरफार' म्हणतात, हे शेतकऱ्याच्या घरातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण मशीनला संदर्भ दिला नाही, तर ते त्याचं 'उत्परिवर्तन' करू शकतं, जो जीवशास्त्राच्या पुस्तकातला शब्द आहे. 'होम'चं 'घर' होतं, 'सेव्ह'चं 'वाचवा' होतं. मराठी अक्षरं दिसतात, अर्थ हरवतो.

दुसरी गंमत विभक्तीची. इंग्रजीत गावाचं नाव कुठल्याही वाक्यात जसंच्या तसं बसतं. मराठीत ते बदलतं. अकोला, पण 'अकोल्यात'. पुणे, पण 'पुण्यात'. सॉफ्टवेअर रिकाम्या जागेत नाव चिकटवतं, म्हणून 'अकोला मध्ये' असं तुटक वाक्य तयार होतं. त्यावर उपाय अगदी साधा आहे. वाक्याची रचनाच बदलायची: 'गाव: अकोला'. पण तो सुचायला टीममध्ये मराठीत विचार करणारा कोणीतरी लागतो.

आणि हो, दोष फक्त मशीनचा नाही. 'विहित नमुन्यातील प्रपत्र सत्यप्रतींसह सादर करावे' ही मराठीच आहे, पण ती वाचूनही लोक केंद्रचालकालाच विचारतात. 'दिलेला फॉर्म भरा, सोबत कागदांच्या सही केलेल्या झेरॉक्स जोडा' असं लिहिलं तर काय बिघडतं?

कडी २: फॉर्मचे रकाने

नाव मराठीत टाइप केलं आणि लाल अक्षरांत 'फक्त अक्षरे भरा' असं आलं, हा अनुभव कुणाला आलाय? तुम्ही अक्षरंच भरली होती. मग?

संगणक प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देतो. जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी ठरलेल्या या क्रमांकांच्या यादीला युनिकोड म्हणतात. १९९१ मधल्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. युनिकोडच्या हिशेबात 'क' हे अक्षर, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं नव्हेत, जोडचिन्हं. प्रोग्रामरनं 'फक्त अक्षरं चालतील' अशी अट घातली, की 'मीना' मधल्या वेलांटीवर आणि कान्यावर फॉर्म अडतो. कोडमधली एक ओळ बदलली की हे सुटतं. पण तपासणी इंग्रजी नाव टाकूनच केली असेल तर ही चूक कुणाला दिसतच नाही.

आकड्यांचंही तसंच. मोबाइल नंबर देवनागरी आकड्यांत टाकला तर बऱ्याच फॉर्मना ते आकडे वाटतच नाहीत.

याशिवाय जुना वारसा आहे. युनिकोड रुळण्याआधी कार्यालयांमध्ये मराठी टायपिंग वेगवेगळ्या जुन्या फॉन्टमध्ये व्हायचं. त्यात आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वर फक्त मराठी चित्र दिसतं. म्हणून एखाद्या जुन्या सरकारी पीडीएफमधला मजकूर कॉपी केला की भलतीच अक्षरं येतात. असा मजकूर सर्चमध्ये सापडत नाही, आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला फोन तो वाचूनही दाखवू शकत नाही.

कडी ३: एसएमएस

आता मावशीच्या मेसेजकडे येऊ. एका एसएमएसमध्ये १४० बाइट्स मावतात. साध्या इंग्रजी अक्षरांना कमी जागा लागते, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हाला २ बाइट्स लागतात, म्हणून ७० चिन्हंच बसतात. त्यात काना-मात्रा आणि न दिसणारा हलन्तही वेगळा मोजला जातो. 'ज्ञानेश्वर' हे नाव आपल्याला चार अक्षरांचं वाटतं. एसएमएससाठी ते १० चिन्हांचं आहे.

मजकूर ७० च्या पुढे गेला की दुसरा एसएमएस धरला जातो, आणि खर्च वाढतो. शिवाय भारतात असे मेसेज पाठवायचे तर त्यांचा नमुना आधी टेलिकॉम कंपन्यांच्या यंत्रणेत नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. इंग्रजी नमुना एकदा मंजूर झाला की मराठीसाठी पुन्हा तोच खटाटोप करायचा कंटाळा येतो. हे आहे खरं कारण. कुणी मुद्दाम मराठी टाळतंय असं नाही. मराठीची आठवण शेवटी येते, आणि तोवर वेळ आणि पैसे संपलेले असतात.

पण खरंच जमत नाही का? मी प्रयत्न करून पाहिला:

'अर्जात त्रुटी. मृत्यू दाखल्याची स्पष्ट प्रत ७ दिवसांत द्या.'

मोजा. ५९ चिन्हं. एका एसएमएसमध्ये बसतं. अर्ज क्रमांक आणि कार्यालयाचं नाव जोडलं तर दोन एसएमएस लागतील. म्हणजे एक जास्तीचा मेसेज. समोर मावशीचं काय गेलं ते बघा: फी, दीड महिना, दोन दिवसांची मजुरी आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

कडी ४: तुमचं नाव

ही कडी सगळ्यात जास्त काळ त्रास देते. पोर्टलवर नाव मराठीत टाइप केलं, की शेजारच्या रकान्यात इंग्रजी स्पेलिंग आपोआप येतं, किंवा उलटं. हे लिप्यंतर करणारं सॉफ्टवेअर हिंदीवर शिकलेलं असेल तर 'ज्ञ'साठी ते जी-वाय लिहितं. आपण डी-एन-वाय लिहितो. उलट दिशेला तर आणखी घोळ: इंग्रजीत 'ळ' साठी वेगळं अक्षर नाही, त्यामुळे 'काळे' इंग्रजीत जाऊन परत येताना 'काले' होऊ शकतात, आणि 'गवळी'चे 'गवली'.

आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, बँकेत तिसरं. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना नाव जुळत नाही म्हणून थांबलेली पोरं प्रत्येक कॉलेजात सापडतील.

आता यात एक नवीन गोष्ट लक्षात ठेवा. जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, आधार अशा अनेक कामांत जन्मतारीख आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार आहे. म्हणजे आज नगर परिषदेत दाखल्यावर जे स्पेलिंग पडेल ते त्या बाळाला पुढे आयुष्यभर वागवावं लागेल. तुमच्या घरात, शेजारी बाळ झालं असेल तर दाखला छापण्याआधी दोन्ही लिप्यांतलं नाव तुम्ही डोळ्यांखालून घाला. दोन मिनिटांचं काम आहे.

मग चांगली सेवा कशी असते?

न्यूयॉर्क शहराचं उदाहरण घ्या. तिथे २०१७ चा एक स्थानिक कायदा आहे, क्रमांक ३०. इंग्रजी कमी येणाऱ्या रहिवाशांसाठी शहराच्या खात्यांनी महत्त्वाची कागदपत्रं ठरलेल्या १० भाषांत द्यायची, आणि फोनवर दुभाष्याची सोय ठेवायची, असं त्यात आहे. तिथे बाहेरून आलेल्या लोकांसाठी ही व्यवस्था करावी लागली. आपल्याकडे तर लोक आपल्याच गावात, आपल्याच राज्याच्या राजभाषेत बोलतायत. आपलं काम त्यापेक्षा सोपं असायला हवं.

तंत्रज्ञानही हाताशी आहे. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये 'भाषिणी' सुरू केलं. भारतीय भाषांमध्ये भाषांतर करणं, बोललेलं लिहून घेणं, लिहिलेलं वाचून दाखवणं अशा सोयी त्यात आहेत, आणि त्या दुसऱ्या ॲपना जोडता येतात. गोरमाटी बोलणाऱ्या आजीला किंवा फक्त उर्दू वाचता येणाऱ्या चाचांना लिहिलेल्या मेसेजपेक्षा आवाजी मेसेज जास्त कामाचा.

पण माझ्या मते सुरुवात याहून साधी आहे. ज्या मेसेजमुळे माणसाला काही करावं लागतं, म्हणजे त्रुटी, मुदत, नकार, थकबाकी, तो आधी मराठीत करा. 'आमच्या पोर्टलला भेट दिल्याबद्दल आभार' इंग्रजीत राहिलं तरी कुणाचं नुकसान होत नाही.

तोपर्यंत आपण काय करायचं?

घरात इंग्रजी वाचणारे तुम्ही असाल, तर घरातले, गल्लीतले दुभाषी तुम्हीच आहात. ते काम जरा पद्धतशीर करूया:

- अर्ज करताना मोबाइल नंबर घरातल्या माणसाचाच द्या. केंद्रचालकाचा नंबर टाकला तर त्रुटीचा मेसेज त्याच्याकडे जातो, तुमच्याकडे नाही.
- अर्ज क्रमांकाचा फोटो काढून ठेवा आणि दर आठवड्याला पोर्टलवर स्थिती बघा. मेसेजची वाट बघू नका.
- फोनची भाषा बदला. अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनमध्ये प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते (ते ॲप ही सोय देत असेल तर). उमंग ॲपमध्येही मराठीचा पर्याय आहे.
- इंग्रजी मेसेजचा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये उघडा, मराठी भाषांतर मिळतं. शब्द विचित्र आले तरी मुदत आणि रक्कम कळते. आईला, आजीला हे एकदा स्वतःच्या हातानं करायला लावा.
- खरा-खोटा मेसेज ओळखा. २०२५ पासून अशा मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर येतं. सरकारी मेसेजला इंग्रजी 'जी', जाहिरातीला 'पी'. व्हॉट्सॲपवर चलन किंवा योजनेच्या नावानं एपीके फाइल आली तर ती उघडायचीच नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.
- मुदत माहीत करून घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक अधिसूचित सेवेला ठरलेले दिवस आहेत, आणि ती यादी कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. वेळेत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. त्यानंतर दुसरं अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपील मराठीतच लिहा.
- आणि मागणी करा. इंग्रजी मेसेज आला तर त्याच्या प्रतीसह कार्यालयाला चार ओळींचा अर्ज द्या: 'हा मेसेज मराठीत पाठवावा.' सोबत २०२२ च्या कायद्याचं नाव लिहा. असे दहा अर्ज एका टेबलावर जमले, की आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांकडे 'हे काम आधी करा' असा निरोप येतो. विश्वास ठेवा, आमचं काम असंच ठरतं.

मावशीचा अर्ज आम्ही दिवाळीनंतर पुन्हा भरला. या वेळी नंबर तिचाच, दाखल्याचा फोटो उजेडात काढलेला. तिच्या फोनवर लेन्स कसं वापरायचं तेही दाखवलं. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "इंग्रजीत काही आलं होतं, म्या वाचलं," ती म्हणाली. "मंजूर झालं म्हणते."

मला बरं वाटलं. पण तिला हे शिकावं लागलं, कारण मेसेज लिहिणाऱ्यानं ५९ चिन्हांचा विचार केला नव्हता. तुमच्यापैकी जे उद्या असं ॲप बनवतील, त्यांनी तो विचार पहिल्याच दिवशी करावा.